बॅटरी कोण पिऊन राह्यलं?

मागच्या आठवड्यात माझ्या लेकाची गाडी सकाळी चालू होईना. इथे ब्रह्मपुरीत आता फोन केला की माणूस दारात येतो. आला, बोनेट उघडलं, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, गाडी चालू केली आणि गेलासुद्धा. माझा चहा उकळायच्या आत. मी दारातूनच म्हटलं, "अरे बाबा, पण जुनी कोणी पेली ते पाह्यलंस काय?" तो हसला. लेकही हसला. सून म्हणाली, "आई, बॅटरी काय कोणी पितं?"

मी चहा गाळायला आत गेले. पण दिवसभर जिवाला चैन पडेना. या घरात कोणाला ठाऊकच नाही की असा प्रश्न विचारण्यात एका माणसाचा अख्खा जन्म गेला. डोमाजी आता नाही. संध्याकाळी मी नातीची अर्धी भरलेली वही घेतली आणि बसले लिहायला. वाकडंतिकडं होईल, पण सांगते.

चामोर्शीला बाजाराच्या कोपऱ्यावर आमची दोन टिनाची दुकानं होती, मध्ये एकच पत्रा. इकडे माझी शिलाई मशीन, तिकडे डोमाजीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. इंजिन तो करत नसे, टायर नाही, रंग नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "जे दिसते ते दुसऱ्याचं. जे दिसत नाई ते माझं." अंगाने काटकुळा, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, कारण वायरचं प्लास्टिक तो दातानेच सोलायचा. बायको ओरडायची, मी ओरडायची, काही उपयोग नाही. पक्कड हाताशी असली तरी तोंडातच वायर.

आणि एका जागी म्हणून राहायचा नाही बरं. चहा उभ्याने, तोही अर्धा. उरलेला ग्लास जिथे हात जाईल तिथे: बोनेटवर, माझ्या मशीनच्या फळीवर, रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याच्या स्टुलावर. एकदा एका जीपच्या मागच्या पायरीवर ठेवलेला त्याचा ग्लास थेट आलापल्लीपर्यंत जाऊन परत आला, फुटला नाही. चहावाला त्याला दर महिन्याला ग्लासांवरून शिव्या घालायचा. बोलणंही तसंच. वाक्य माझ्या दारात सुरू करायचा आणि संपवायचा पलीकडच्या ट्रकखाली. मधलं आपण समजून घ्यायचं.

पण कोणी म्हटलं की "भाऊ, बॅटरी रात्रीतून उतरते," की हा माणूस एकदम थांबायचा. डोळे बारीक करायचा. मग सुरू व्हायची उलटतपासणी.

"सकाळी मरते का दुपारी?"

"सकाळी."

"रात्री कुठी उभी होती?"

"घरासमोर."

"शेवटी कोण उतरलं? दरवाजा कोणी लावला? खरं सांगजा."

एखाद्या बाईने नवऱ्याला विचारावं तसं. माझ्याकडे माप द्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग तो आपलं ठरलेलं वाक्य टाकायचा, "बॅटरी मरत नाई भाऊ. कोणी तरी पिऊन राह्यलं तिले. पेणारं कोण ते पाहू."

आणि ते पाहायची त्याची रीत मला इतक्या वेळा दिसली की आता पाठ आहे. बॅटरीच्या एका टोकाची वायर सोडायची. ती वायर आणि ते टोक यांच्या मध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. गाडी बंद, चावी खिशात, दरवाजे लावलेले. बल्ब काळा राहिला तर गाडी झोपली. बल्ब पेटला तर आत कोणीतरी जागं आहे. मग फ्यूज एकेक करून उपसायचे. ज्या फ्यूजला बल्ब विझला, चोर त्या घरात. नव्या गाड्यांचं आणखी वेगळं. त्या बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास आतून जाग्याच असतात म्हणे, तोवर दरवाजाला हात लावायचा नाही. तो अर्धा तास डोमाजीला जड जायचा. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. भाजीवाल्या विचारायच्या, "काऊन भाऊ, कोणी दवाखान्यात हाय का?" तो म्हणायचा, "गाडी झोपवून राह्यलो."

एकदा कॉलेजच्या एका सरांची कार आली. दर सोमवारी बंद. रविवारी उभी असायची ना, म्हणून. बल्ब पेटला. एक फ्यूज उपसला तर विझला, म्हणजे आतल्या दिव्यांची लाइन. पण आतले दिवे तर सगळे बंद दिसत होते. डोमाजी गाडीभोवती दहा चकरा मारून आला आणि मला म्हणाला, "बाई, इकडे या. मी डिक्कीत बसतो. तुम्ही झाका. हाक मारली का उघडा." मी म्हटलं, वेड लागलं काय तुम्हाला? तर तो आत शिरलासुद्धा, गुडघे हनुवटीला लावून. मी झाकण दाबलं. तेवढ्यात दोघी जणी ब्लाऊजचं भांडण घेऊन आल्या, बाही अर्धा बोट लांब झाली म्हणून, आणि मी त्यांच्यात अडकले. इकडे बंद कारमधून आवाज, "जळून राह्यला! बाई, जळून राह्यला!" अख्खा बाजार गोळा. कोणी म्हणे आग लागली, कोणी म्हणे माणूस पळवून आणला. मी धावत जाऊन झाकण उघडलं तर हा घामाने निथळलेला, तुटका दात काढून हसतो आहे. "डिक्कीचा दिवा. झाकल्यावरही इझत नाई. इथीच पेऊन राह्यला लेकाचा." सरांना त्याने दिव्याचं बटण बदलून दिलं. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याला पाहिलं की ओरडायची, "जळून राह्यला!" त्याला राग यायचा नाही. उलट हात वर करायचा.

एवढं सांगितलं ते एवढ्याचसाठी की हा माणूस आपल्या कामात कधी हयगय करत नव्हता हे कळावं. आता जे सांगते ते सांगताना अजून हात थांबतो.

आमच्याकडे पावसाळ्यात जीप नाल्यातून काढतात. पूल असतो तिथेही पाणी असतं, नसतो तिथे तर असतंच. मग डायनामोत, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरतो त्या यंत्रात, पाणी आणि चिखल. डोमाजीने त्यावर आपली युक्ती काढली होती. राइस मिलमधून धानाचा कोंडा पोत्याने आणायचा, शेगडीत तो धुमसत ठेवायचा आणि वर जाळीवर डायनामो सुकवायचा. ज्वाळा नाही, नुसती ऊब. त्याला याचा फार अभिमान. "गडचिरोलीवाले दोन दिवस उन्हाची वाट पाह्यतात. माझा कोंडा एका दुपारी सुकवते." लोक लांबून यायचे या शेकासाठी.

तर त्या हिवाळ्यात चैतू आपली जीप घेऊन आला. जीप त्याची नव्हे, मालकाची, मालक चामोर्शीचा. चैतू ड्रायव्हर. त्याचं गाव डांबरी रस्ता सोडून आत, दोन नाले ओलांडून, जंगलात. जीप रात्री त्याच्याच गावात मुक्कामाला असायची आणि पहाटे सवारी घेऊन निघायची. साप चावो, बाळंतपण अडो, रात्री त्या गावाला दुसरं वाहन नव्हतं. म्हणून चैतूला गावात मान. बोलायला कमी, स्टेअरिंगला नेहमी धुतलेलं फडकं गुंडाळलेलं.

आठ दिवसांपासून बॅटरी सकाळी मेलेली असे. सवाऱ्या धक्का मारून कंटाळल्या होत्या. मालक स्वतः सोबत आला होता, तोंड वाकडं करून. नेमका बाजाराचा दिवस, डोमाजीसमोर चार गाड्या रांगेत. त्याने त्या दिवशी बॅटरीच्या टोकाला बल्ब लावलाच नाही. सरळ फ्यूजच्या डब्याशी वाकला, एकेक फ्यूज काढून त्याच्या जागी बल्ब धरत गेला. हा काळा, तो काळा, सगळे काळे. कोणी पीत नव्हतं.

चैतू हळूच म्हणाला, "भाऊ, डायनामो पाह्यता का?"

"डायनामो? पावसाळ्यात मीच बांधला नाई का? त्याले काय होते?" तोवर त्याचं डोकं पुढच्या ट्रकमध्ये गेलेलं होतं. तिथूनच मालकाला म्हणाला, "गाडीत काई नाई. रात्री जिथी राह्यते तिथी पाहा."

झालं. पंधरा-वीस शब्दही नसतील. मी काज करत होते, सुई हातात तशीच राहिली.

त्या गावात लाइन गेली की चार चार दिवस येत नसे. मालकाने तेवढ्यावरून सगळं जुळवलं. जीप स्टँडवर, वीस माणसांसमोर, चैतूला म्हणाला, "माझ्या बॅटरीवर गाव उजळून राह्यले काय तुम्ही? लग्नं लावता का तिच्यावर?" चैतू म्हणाला, "एक बल्ब लावला असन तं माय मेली माझी." मालक म्हणाला, "मग तुमच्या गावातला कोणी चोर असन." चैतूने चावी बोनेटवर ठेवली, स्टेअरिंगचं फडकं सोडून खिशात घातलं आणि चालू लागला. मालकाने जीपला नवी बॅटरी घातली, ती आपल्या अंगणात नेली, चालवायला मेहुणा ठेवला. चैतू बायकोला घेऊन मिरची तोडायला तेलंगणात निघून गेला.

पुढच्या बाजाराला चैतूची माय आली, हिरड्या-बेहड्याचं गाठोडं डोक्यावर, चालत. माझ्याकडे पाणी प्यायली. म्हणाली, "परवा शेजारच्या सुनेले कळा आल्या बाई. जीप नाई. बैलबंडीत घातली. डांबरी रस्त्याले लागायच्या आधीच मोकळी झाली, पळसाच्या झाडाखाली. लेकरू जगलं, तीबी जगली. पण पाह्यवत नव्हतं." पत्र्यापलीकडची ठोकठोक थांबली होती. डोमाजी ऐकत होता. तिने त्याला ओळखलं नाही, की ओळखूनही पाहिलं नाही, मला सांगता येत नाही.

आणि त्यानंतर तीनच दिवसांनी सकाळी तीच जीप धक्का मारत मारत दुकानासमोर आली. मागे मालकाचा मेहुणा, घामाघूम. "काल संध्याकाळी अंगणात उभी केली. नवी बॅटरी बी सकाळी मेलेली."

माझ्या तोंडून निघालंच, "काऊन भाऊ, मालकाच्या अंगणात कोणाचं लग्न लागलं?"

डोमाजी हसला नाही. मेहुण्याला म्हणाला, "गाडी ठेवून जा." दुसरी बॅटरी आणली, टोकाची वायर सोडली, मध्ये बल्ब जोडला. बल्ब भक्क पेटला. मग फ्यूज. पहिला काढला, बल्ब तसाच. दुसरा, तिसरा. काढलेले फ्यूज ठेवायला माझ्याकडून कापडाचा तुकडा मागून घेतला आणि ओळीने मांडत गेला. शेवटचा उपसला. डबा रिकामा झाला, आणि बल्ब जसाच्या तसा जळतो आहे.

तो बल्बकडे पाहत राहिला. मलाही तेवढं कळत होतं: जी वायर फ्यूजच्या डब्यातून जातच नाही, तिथे कोणीतरी पीत होतं. त्याने हात खाली घातला आणि डायनामोची जाड वायर सोडली.

बल्ब विझला.

त्याने ती परत टेकवली. पेटला. सोडली. विझला. असं त्याने किती वेळा केलं असेल! मी म्हटलं, "भाऊ, कळलं ना आता, बस करा." तर म्हणाला, "माह्यावाला हात हाय बाई हा." मग डायनामो काढून उघडला. आत एक पत्रा असतो, त्यावर वाटाण्याएवढे दाणे बसवलेले. डायोड म्हणतात त्यांना. त्यांचं काम दारवानाचं: करंट बॅटरीकडे जाऊ द्यायचा, उलटा येऊ द्यायचा नाही. त्यातल्या दोघांच्या पायाची झाळ, म्हणजे जोडाचं कथील, ओघळली होती. बरोबर त्या बाजूची, जी शेगडीकडे असते. त्या कोंड्याच्या शेकाने दारवान पावसाळ्यातच अर्धे भाजले होते, हिवाळ्यात पुरते गेले. दिवसा गाडी चालायची, कसंबसं निभायचं. रात्री गाडी उभी राहिली की दार उघडं.

शेगडी त्याने त्याच घटकेला उचलून माझ्या दारात आणून ठेवली. "घरी न्या. पाणी तापवा." आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद. जीप तशीच उघडी, डायनामो त्याच्या पेटीत कुलूप लावून. मालक दिवसातून तीनदा येऊन माझ्याशी भांडून जायचा, जसं काही मीच डोमाजीला पदरात बांधून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी तो आला. डोळे लाल, चपलेचा अंगठा तुटलेला. सिरोंच्याकडून नदी ओलांडून मिरचीच्या शेतांतून चैतूला शोधत फिरला होता. किती शेतं, किती झोपड्या, भाषा येत नाही. नुसतं नाव विचारत गेला. मी विचारलं, भेटला काय?

"भेटला. मी सगळं सांगितलं. तो मिरची तोडतच राह्यला. मग म्हणते, मले काऊन सांगता भाऊ? मले तं माहीतच होतं. गावाले सांगा." तो दारातल्या दारात इकडून तिकडे फिरत होता. "बाई, गावाले कसं सांगते माणूस? मले तं दोन माणसांसमोर बोलता येत नाई."

तेवढ्यात मालक आला. "डायनामो कुठी हाय?"

"जायच्या आधीच डायोडचा नवा पत्रा टाकून बांधला. तयार हाय."

"मग बसव."

"बसवतो. पण गाडी रात्री चैतूच्या गावात मुक्कामाले जाईल तं."

"माझी गाडी. मी ठरवीन."

"गाडी तुमची. डायनामो बी तुमचाच. हात माझा हाय, तो चालून नाई राह्यला."

"धमकी देते काय मले?"

"हो," डोमाजी सरळच म्हणाला. "अन् ऐका. पोरानं काई केलं नाई. त्या गावानं बी नाई. तुमची बॅटरी मी पेलो."

हे त्याने मोठ्याने म्हटलं. पंक्चरवाला, चहावाला, माझ्याकडच्या दोन बाया, सगळ्यांनी ऐकलं. मालक तणतणत गेला, दोन दिवस अडून बसला. पण बाजार जवळ आला होता, आणि जीप उभी राहून रोजची कमाई बुडत होती. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ने बाबा, ने त्याच्या गावात. अन् त्याले निरोप धाड. होळीनंतर आला तं त्यालेच देतो चावी. हा मेहुणा माझ्या कामाचा नाई." चैतू होळीनंतर आला, आणि तीच जीप चालवू लागला, हे मला नंतर कळलं.

डायनामो बसला त्याच दिवशी मी डोमाजीबरोबर त्या गावाला गेले. "मी अडकलो तं तुम्ही बोलजा बाई," म्हणून त्याने मला नेलं होतं. वाटेत जीपमध्येसुद्धा तो नीट बसला नाही, सारखा बोनेटकडे वाकून ऐकत होता. सूर्य कलला होता. माणसं मोहाच्या झाडाखाली जमली. डोमाजी उभा राहिला, जळका पत्रा हातावर ठेवून. मी बोलायची तयारी केली, तर तोच बोलला.

"चूक माझ्या हातची. हे जळलं होतं. मी पाह्यलं नाई अन् तुमच्यावर बोललो."

म्हाताऱ्या पाटलाने पत्रा हातात घेतला, उलटसुलट केला. "चोर तं आमाले मालकानं म्हटलं. मालक कुठी हाय?"

"नाई आला. पण पह्यलं माझ्याच तोंडातून निघालं."

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "ते जाऊ दे. जीप आता रोज येईल का रात्री?"

"येईल."

"अन् सकाळी चालू होईल?"

डोमाजी म्हणाला, "पाहू सकाळी."

पाटील म्हणाला, "बस." तो बसला. आणि लगेच उठून जीपकडे गेला, वायरी हलवून पाहायला. तेव्हा मात्र सगळे हसले.

आम्ही चैतूच्या मायकडे मुक्काम केला. सकाळी उजाडताच बाहेर येऊन पाहते तर अर्धं गाव जीपभोवती. धुकं होतं. मेहुणा चावी घेऊन बसला. डोमाजी बोनेटला पोट टेकवून उभा. चावी फिरली. गाडी एका दमात चालू झाली.

पोरं ओरडली. बायांनी टोपल्या आत ढकलल्या, मीही चढले. चैतूच्या मायने माझ्याजवळ जागा धरून ठेवली आणि डोमाजीला हाक मारली, "ये ना बाप्पा, बस."

"मी नाई येत," तो म्हणाला. "एक सकाळ म्हंजे काई नाई. उद्याची पाह्यतो, परवाची पाह्यतो."

मी म्हटलं, "अन् दुकान?"

त्याने ऐकलं नसावं. जीप हलली तेव्हा तो बाजूने दहा पावलं धावत आला, मेहुण्याला काहीतरी सांगत, की नाल्यात बंद करू नको. मग थांबला. मी मागच्या बाजूने पाहत होते. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, मान तिरपी करून, इंजिनाचा आवाज कानात धरून ठेवल्यासारखा. त्याच आठवड्यात मला लेकाने इकडे ब्रह्मपुरीला आणलं, त्यामुळे मी त्याला पाहिलं ते शेवटचंच. मी हात हलवला. त्याने मला नाही पाहिलं. नाला ओलांडून वर आलो तरी तो तिथेच होता, अजून ऐकत.